वाचक विचारतात : बर्फातली जुनी लष्करी गाडी नवी करावी की आहे तशी जपावी?

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत माझे लेथ आणि मिलिंगचे छोटे वर्कशॉप आहे. माझा पुतण्या नोकरीनिमित्त नॉर्वेत ट्रॉनहाइमजवळ राहतो. त्याने तिथल्या एका शेतकऱ्याकडून पट्ट्यांवर चालणारी जुनी अमेरिकन लष्करी गाडी विकत घेतली असून तिला तिकडे ‘वीझल’ म्हणतात. गाडी बरीच वर्षे कोठारात पडून होती. तिच्या पुढच्या आणि मागच्या तरंगत्या पेट्या कोणीतरी कापून टाकल्या आहेत, अंगावर पिवळा रंग आहे, इंजिन हाताने फिरते पण सुरू होत नाही आणि पट्ट्यांचे रबर तडकले आहे. युद्धकाळात होती तशी ती हिरवी, नवीकोरी करावी अशी त्याची इच्छा आहे, आणि लागणारे भाग मी सोलापुरात बनवून द्यावेत असे तो म्हणतो. हा खटाटोप करण्याजोगा आहे का? भाग बनवताना काय सांभाळावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : खटाटोप जरूर करावा, मात्र गाडी चालती करण्यापुरता. तिला नवीकोरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण या गाडीच्या इतिहासात आहे, म्हणून आधी तो थोडक्यात सांगतो.

जर्मनीच्या ताब्यात असलेल्या नॉर्वेमध्ये ऐन हिवाळ्यात थोडे सैनिक उतरवावेत आणि तिथली जलविद्युत केंद्रे निकामी करावीत, ही कल्पना दुसऱ्या महायुद्धात जेफ्री पाइक या इंग्रज गृहस्थांनी मांडली. (बर्फाचे विमानवाहू जहाज बांधावे, ही कल्पनाही त्यांचीच.) त्यासाठी भुसभुशीत बर्फात न रुतणारी आणि विमानातून नेता येईल इतकी हलकी गाडी हवी होती. ते काम अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड येथील स्टुडबेकर कंपनीकडे गेले. १९४२ संपता संपता ती मोहीम रद्द झाली, पण गाडी तयार झालीच. आधी मागे इंजिन असलेली एम-२८ निघाली, लवकरच तिची जागा पुढे इंजिन असलेल्या एम-२९ ने घेतली, आणि हिलाच दोन्ही टोकांना हवाबंद पेट्या आणि मागे सुकाणू बसवून पाण्यातही चालणारी एम-२९सी तयार करण्यात आली. १९४५ पर्यंत सर्व प्रकार मिळून सुमारे १५,००० गाड्या बाहेर पडल्या. ज्या नॉर्वेसाठी ती आखली गेली तिथे युद्धकाळात तिची ठरलेली मोहीम झालीच नाही. इटलीतला चिखल, १९४४ मध्ये नेदरलँड्समधील वाल्खरेन बेटाचा पाण्याखाली गेलेला प्रदेश आणि १९४५ मध्ये इवो जिमाची ज्वालामुखीची राख अशा ठिकाणी ती वापरली गेली. पट्टा २० इंच रुंद असल्यामुळे जमिनीवर पडणारा तिचा दाब दर चौरस इंचाला सुमारे २ पौंड एवढाच असतो. उभ्या माणसाच्या पावलाचा दाब याहून जास्त असतो, म्हणून जिथे माणूस रुततो तिथे ही गाडी तरून जाते.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने युद्धानंतरचा काळ अधिक महत्त्वाचा आहे. युद्ध संपल्यावर या गाड्या सैन्याकडून संशोधकांकडे, वीज आणि दूरध्वनीच्या तारा सांभाळणाऱ्यांकडे आणि शेतकऱ्यांकडे गेल्या. १९४८ पासून पॉल-एमिल व्हिक्टर यांच्या फ्रेंच मोहिमांनी ग्रीनलंडच्या हिमपठारावर त्या नेल्या. १९४९ ते १९५२ या काळात अंटार्क्टिकावर गेलेल्या नॉर्वे, ब्रिटन आणि स्वीडन यांच्या संयुक्त मोहिमेतही त्या होत्या. याच मोहिमेत फेब्रुवारी १९५१ मध्ये धुक्यात एक वीझल हिमकड्यावरून समुद्रात गेली आणि चौघांपैकी तिघे बुडाले. १९५५ ते १९५८ मधील राष्ट्रकुल देशांच्या अंटार्क्टिका मोहिमेत व्हिव्हियन फुक्स यांच्या तुकडीने टकर कंपनीच्या स्नो-कॅट या बर्फगाड्यांबरोबर वीझलही वापरली. म्हणजे या गाडीच्या आयुष्यातली दोन-तीन वर्षे युद्धाची असतील, तर त्यानंतरची कितीतरी वर्षे बर्फातल्या रोजच्या कामाची आहेत. आपल्या पुतण्याच्या गाडीवरचा पिवळा रंग हा त्या दुसऱ्या आयुष्याचा पुरावा आहे. हिरव्या रंगात चकाचक केलेल्या वीझल युरोप-अमेरिकेतील संग्राहकांकडे पुष्कळ आहेत; त्यांत आणखी एकीची भर पडल्याने कोणाच्याही माहितीत भर पडणार नाही. पेट्या कापून, बहुधा ओझे ओढायला सोयीची करून, नॉर्वेच्या शेतावर राबवलेली गाडी मात्र जशीच्या तशी क्वचितच उरते, कारण हाती येताच प्रत्येक जण तिला पुन्हा सैन्यात भरती करू पाहतो.

पहिले काम म्हणून गाडीवरची निर्मात्याच्या नावाची पट्टी आणि सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक शोधून त्यांची छायाचित्रे घ्यायला सांगा. तिन्ही प्रकारांत एम-२८ फार थोड्या बनल्या. इंजिन मागे निघाले, तर एकही बोल्ट न सोडता आधी तिथल्या जाणत्या संग्रहालयाला कळवावे. तरंगत्या पेट्यांचा उल्लेख आपण केला आहे, त्यावरून ती एम-२९सी असावी. वाहन जितके दुर्मिळ तितका आपला हात आखडता, हा नियम मी सर्वत्र पाळावा असे म्हणेन.

रंगाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण पहिल्याच आठवड्यात सँडब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूचा जोरदार फवारा मारून, सगळा रंग उडवण्याचा मोह जवळपास प्रत्येकाला होतो. तसे करण्याआधी, आसनाखाली किंवा इतरत्र, जिथे ऊन-पाऊस पोचलेला नाही अशी जागा निवडावी आणि रुपयाच्या नाण्याएवढ्या भागावर बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून गोल गोल फिरवावा. मध्यभागी उघडा पत्रा दिसू लागला की थांबावे. त्याभोवती रंगांची वर्तुळे दिसतात: सर्वांत आत प्रायमर, मग कारखान्यातला हिरवा, त्यावर एखादा पांढरा थर, मग एखादा राखाडी आणि बाहेर पिवळा. प्रत्येक थर म्हणजे एक मालक किंवा एक काम. दोन थरांमध्ये धुळीची बारीक काळी रेघ दिसली, तर मधल्या काळात गाडी बराच काळ वापरात होती असे समजावे. रेघ नसेल तर लागोपाठ रंग मारला गेला असावा. हा सगळा पुरावा सँडब्लास्टिंगमध्ये अर्ध्या तासात कायमचा नाहीसा होतो. गंज थांबवण्यासाठी जिथे पत्रा उघडा पडला आहे तेवढीच जागा साफ करून तिला संरक्षक लेप द्यावा. जुन्या रंगात शिसे असण्याची दाट शक्यता आहे, म्हणून कोरडे घासू नये आणि मास्कशिवाय तर मुळीच घासू नये. ब्रेकच्या अस्तरांत आणि गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. त्या काळच्या लष्करी तबकड्यांच्या अंधारात चमकणाऱ्या आकड्यांवर काही वेळा रेडियमचा रंग असे, तेव्हा मीटरच्या काचा उघडू नयेत.

कापलेल्या पेट्या पुन्हा बनवू नयेत, असे मला वाटते. पुतण्याचा आग्रहच असेल, तर जुन्या बोल्टच्या भोकांवर बसणाऱ्या आणि पुन्हा काढता येणाऱ्या पेट्या बनवाव्यात. मूळ सांगाड्याला नवा वेल्ड लावू नये. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर ट्यूरिन सनद स्वीकारली आहे. केलेले काम शक्यतो उलटवता यावे आणि नवे ते नवे म्हणून ओळखू यावे, हा तिचाही रोख आहे.

आता आपल्या वर्कशॉपचा विषय. इंजिनाची काळजी कमी करावी. ते स्टुडबेकरच्या ‘चॅम्पियन’ या प्रवासी मोटारीचे सहा सिलिंडरचे, सुमारे २.८ लिटरचे इंजिन आहे, आणि युद्धानंतरही त्या कंपनीच्या मोटारींत ते वर्षानुवर्षे बसवले गेल्यामुळे त्याचे भाग आजही मिळतात. हाताने फिरते ही फार चांगली खूण आहे. सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडून काही दिवस ठेवावे, ऑइल संप, म्हणजे इंजिनाच्या तळाचे तेलाचे भांडे, उघडून गाळ काढावा, आणि त्याआधी कोणीही बॅटरी लावून स्टार्टर मारू नये. ज्या शहरात मोटारींचे कॅमशाफ्ट ओतून, घासून परदेशी जातात, तिथल्या टर्नर-फिटरांना बुश (पिन किंवा शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी), पिना, शाफ्ट, चाकांच्या हब यांत अवघड असे काही नाही. अवघड आहे ते माप. झिजलेल्या पिनेचे माप घेऊन नवी पिन केली, तर आपण झीजच नव्याने बनवतो. म्हणून माप नेहमी न झिजलेल्या भागावर, म्हणजे चकतीच्या आत झाकलेल्या टोकावर किंवा बुशच्या बाहेरच्या अंगावर घ्यावे, दोन-तीन नमुन्यांवर ताडून पाहावे आणि अमेरिकी सैन्याच्या त्या काळच्या तांत्रिक पुस्तिकेतील आकड्यांशी जुळवावे. त्या पुस्तिकांच्या प्रती संग्राहकांमध्ये सहज फिरतात. मापे इंचात आहेत हे विसरू नये. जवळचे मिलिमीटर धरून चालवले की आज बसलेला बुश पहिल्याच हिवाळ्यात आवाज करू लागतो. मूळ भागाहून कठीण पोलाद वापरण्याचा मोहही टाळावा, कारण पिन कठीण झाली की तिची झीज तिच्याभोवतीच्या मूळ भागाला सोसावी लागते. बदलायला सोपा भाग आधी झिजावा, अशीच रचना असली पाहिजे. प्रत्येक नव्या भागावर न दिसणाऱ्या बाजूला वर्ष ठोकावे. काढलेला जुना भाग भंगारात न घालता चिठ्ठी बांधून ठेवायला पुतण्याला सांगावे.

खरा निर्णय मात्र पट्ट्यांवर ठरणार आहे, आणि सगळ्या खर्चाआधी त्यांची पाहणी व्हायला हवी. वीझलचा पट्टा सांधेजोड पोलादी नसतो. आत पोलादी तारांचे दोर असलेल्या अखंड रबरी पट्ट्यांवर पोलादी आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात. वरचे रबर तडकले तरी वर्षानुवर्षे काम निभते, पण भेगेतून पाणी तारेपर्यंत गेले की तार आतल्या आत गंजते, आणि गंजलेले लोखंड फुगत असल्यामुळे तिथे रबराला बोटाला जाणवेल असा उंचवटा येतो. पुतण्याने पट्ट्याच्या आतल्या अंगावरून सावकाश हात फिरवावा, असे उंचवटे खडूने दाखवून ठेवावेत आणि भेगांतून तांबूस पाणी ओघळल्याचे डाग आहेत का ते पाहावे. दोन-चार ठिकाणीच असे असेल, तर गाडी हळू आणि सपाटीवर चालवता येईल. सगळीकडे असेल, तर तो पट्टा चालवण्यासाठी नाहीच. तो काढून, सावलीत, ताण न देता ठेवून द्यावा आणि चालवण्यासाठी औद्योगिक कन्व्हेयर पट्ट्याच्या जातीचा नवा पट्टा करून घ्यावा. हे काम लेथवर होणारे नाही, आणि आपण ते अंगावर घेऊ नये. तारेचे दोर आणि रबर एकजीव करण्यासाठी दाब, उष्णता आणि वेळ यांचे गणित जमलेला रबराचा कारखानाच लागतो. तोवर गाडी लाकडी ठोकळ्यांवर उचलून पट्ट्यांवरचा भार काढून ठेवावी.

गाडी चालती झाली तरी ती कुठे चालवायची, हेही आधी ठरवावे. नॉर्वेत १९७७ च्या कायद्यानुसार मोकळ्या रानावनात आणि डोंगरात मोटारवाहन नेण्यास सर्वसाधारणपणे बंदी आहे, परवानगीची प्रकरणे नगरपालिका पाहते. आपल्या शेतावर, मेळाव्यात किंवा संग्रहालयाच्या आवारात चालवायची असेल तर एवढी मेहनत पुरेशी आहे. आणि तिला सोलापुरात आणावे असे कोणाच्या मनात आले, तर ते मनातच राहू द्यावे. आपल्याकडे पन्नास वर्षांवरील वाहनांच्या नोंदणीचे २०२१ चे नियम दुचाकी आणि चारचाकी वाहनांपुरते आहेत, पट्ट्यावरची गाडी त्यांत बसत नाही. शिवाय आपल्या मे महिन्याच्या उन्हात उरलेले रबरही टिकणार नाही.

प्रश्न : मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. सोव्हिएत सैन्याच्या, मागे विमानाचा पंखा लावलेल्या आणि घसरपट्ट्यांवर धावणाऱ्या बर्फगाड्यांची छायाचित्रे पाहिली. त्यांची शरीरे प्लायवूडची असत असे वाचले. अशी एखादी अर्धी कुजलेली गाडी सापडली, तर तिची पुन्हा उभारणी करणे योग्य ठरेल का?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : माझ्या मते योग्य ठरणार नाही. या गाड्यांना एरोसानी म्हणतात. विमाने आणि पुढे हेलिकॉप्टर बनवणाऱ्या इगोर सिकोर्स्की यांनी १९१० च्या सुमारास अशा घसरगाड्या बनवल्या होत्या, आणि पुढे आंद्रेई तुपोलेव यांनीही त्यांवर काम केले. दुसऱ्या महायुद्धातील एनकेएल-२६ या गाडीचे अंग प्लायवूडचे होते, समोर तेवढे पातळ चिलखत होते आणि मागे विमानाचे एम-११ इंजिन होते. आरएफ-८ या दुसऱ्या प्रकारात गाझ या सोव्हिएत मोटार कारखान्याचे मोटारीचे इंजिन बसवले जाई. पोलाद आणि कारखाने रणगाड्यांना हवे असताना सुतारकामाच्या कारखान्यांत बनवता येईल असे हे वाहन होते, आणि त्याचा सगळा अर्थ त्या लाकडात आहे. कुजलेले प्लायवूड काढून नवे बसवले, तर इंजिन आणि चार घसरपट्ट्या जुन्या राहतील, आणि ज्या वस्तूने आपल्याला काही सांगायचे तीच निघून गेलेली असेल.

म्हणून अवशेष सावकाश, सावलीत वाळवून, थर सुटू नयेत म्हणून आधार देऊन, तसेच ठेवावेत. ओले प्लायवूड घाईने वाळवले की ते पिळवटते आणि त्याचे थर पापुद्र्यांसारखे उलगडतात. मापे घेऊन वेगळी प्रतिकृती करायला माझी हरकत नाही, उलट ती करावीच. बर्फावर ही गाडी कशी थांबवत असतील, पंख्यामागे उभ्या माणसाला किती धोका असेल, हे कागदावर कळत नाही. मात्र प्रतिकृतीवर ती प्रतिकृती असल्याचे आणि ती कधी बनवली याचे ठळक अक्षरांत लिहिलेले असले पाहिजे.

प्रश्न : मी माजी सैनिक आहे, उत्तर सीमेवर बर्फात नोकरी केली. परदेशात जुन्या बर्फगाड्यांची एवढी निगा राखतात. आपल्याकडे अशी वाहने पाहायला मिळतात का, आणि आपणही ती जपायला नकोत का?
– एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : जपायला हवीत, आणि आत्ताच हवीत. सोलापूरहून एका दिवसात जाऊन येता येईल असे ठिकाण अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय आहे. १९९४ मध्ये ते सुरू झाले आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या चिलखती मोटारींपासून पाकिस्तानकडून जिंकलेल्या पॅटन रणगाड्यापर्यंत पट्ट्यांची आणि चाकांची सुमारे पन्नास वाहने तिथे आहेत. बर्फगाड्यांचे ते संग्रहालय नाही, तरी जावे, आणि पट्टे, त्यांची चाके, ताण देण्याची योजना जवळून पाहावी. दख्खनच्या हवेत उघड्यावर ठेवलेले पोलाद आणि रबर कसे वेगवेगळे म्हातारे होतात, हे तिथे उभे राहून नीट कळते.

भारताची बर्फगाड्यांची परंपरा फार जुनी नाही, तरी ती आहे. १९८३-८४ मध्ये अंटार्क्टिकावर दक्षिण गंगोत्री हे पहिले केंद्र उभे राहिले, १९८९ मध्ये मैत्री आणि २०१२ मध्ये भारती. या मोहिमांमध्ये जर्मन बनावटीच्या पिस्टनबुली गाड्यांनी हिमपटलावरून सामान ओढले आहे. सियाचिनमध्ये स्नो स्कूटर वापरात आहेत. आता स्वीडनमधील हेग्लुंड्स कारखान्याच्या बीव्हीएस-१० या दोन डब्यांच्या गाडीचे ‘सिंधू’ हे रूप लष्करासाठी भारतातच बनवण्याचे २०२५ मध्ये ठरले आहे. ही मालिका १९६० च्या दशकातील व्होल्व्होच्या बीव्ही-२०२ पासून चालत आली आहे: पुढचा डबा ओढतो आणि मागचाही ओढतो, दोन्ही मध्ये सांध्याने जोडलेले असतात, आणि वळताना हा सांधाच वळवला जातो. वीझलमध्ये वळण्यासाठी एका बाजूचा पट्टा ब्रेकने धीमा करावा लागतो, त्यामुळे मऊ बर्फात ती वळणावर खोल बसते. सांध्याच्या रचनेत ती अडचण बऱ्याच अंशी दूर झाली.

नव्या गाड्या आल्या की जुन्या निकाली निघतात. लिलाव, भंगार, भट्टी हा त्यांचा नेहमीचा मार्ग. एका प्रकारची एक गाडी, दुरुस्तीच्या वहीसह आणि अवजारांच्या पेटीसह, निकाली निघण्याआधी बाजूला काढली तर पुढे पुनर्उभारणीचा प्रश्नच येत नाही. आधी मोडू द्यायचे आणि मग लाखो रुपये ओतून उभे करायचे, यापेक्षा हे किती तरी स्वस्त आहे. तो निर्णय आपल्या हातात नाही, पण एक गोष्ट आहे. उणे तापमानात सकाळी इंजिन कसे सुरू करत होतात, बॅटरी रात्री कुठे ठेवत होतात, पट्टा निसटला तर तो हातमोजे घालून कसा चढवत होतात, कोणता भाग सर्वांत आधी तुटत असे, हे कुठल्याही कारखान्याच्या पुस्तिकेत मिळणार नाही. सुरक्षेच्या दृष्टीने सांगण्याजोगे नसलेले तपशील आणि ठिकाणांची नावे वगळून हे सगळे वर्षवार लिहून काढावे, सोबत छायाचित्रे असल्यास त्यांच्या मागे साल आणि गाडीचा प्रकार लिहावा, आणि एक प्रत आपल्या रेजिमेंटच्या केंद्राकडे, दुसरी अहिल्यानगरच्या संग्रहालयाकडे पाठवावी.